गच्चीवरील सौर संचाचे कनेक्टर अनवधानाने उघडू नयेत म्हणून : कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

रत्नागिरी जिल्ह्यातील एका मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर ५४० वॅटची ६४ पॅनेले प्रत्येकी सोळाच्या चार स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या माळांमध्ये, बसवलेली आहेत. गेले काही आठवडे दव पडलेल्या सकाळी इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरगुती विजेत बदलणारे यंत्र) इन्सुलेशनचा दोष, म्हणजे वीज कोठेतरी गळत असल्याची खूण, दाखवून उशिरा सुरू होत होता आणि ऊन चढले की आपोआप चालू होत होता, त्यामुळे वीज कमी पडल्याची तक्रार कोणी केली नव्हती. आज तपासणीत तिसऱ्या स्ट्रिंगमधील एक जोड (दोन केबली जोडणारा कनेक्टर) स्लॅबवर टेकलेला, एका अंगाने तपकिरी पडलेला आणि दोन भागांत बारीक फट राहिलेला सापडला. स्ट्रिंगचा आयसोलेटर (तिची वीज तोडणारा स्विच) बंद करून आणि प्रवाह शून्य असल्याची खात्री करून तो हलकेच ओढला, तेव्हा जोड उघडायचा खास पाना न लावताच दोन्ही भाग हातात सुटे आले.

जोड ‘सुटला’ असे म्हणण्यापूर्वी दोन भाग अडकवून ठेवणारा खटका नीट पाहिला. त्याच्या दोन्ही पट्ट्यांच्या कडा नव्यासारख्या तीक्ष्ण आहेत. त्या कुठे घासलेल्या, वाकलेल्या किंवा तुटलेल्या नाहीत. याचा अर्थ खटका उघडला गेला नाही, तो उभारणीपासून कधी बसलाच नव्हता. आतील धातूचे भाग एकमेकांना टेकल्यामुळे वीज वाहत राहिली आणि रबरी सील जागेवर न पोचल्यामुळे पाणी आत जात राहिले. या कामाची दिशा मला याच एका निरीक्षणात दिसते. अनवधानाने उघडणाऱ्या जोडांचा विचार करताना आपण कुलूप किती मजबूत आहे हे पाहतो. ते लागले आहे का, त्याच्यावर नको तो ताण येतो का, आणि चुकीच्या वेळी कोणाचा हात त्याच्यापर्यंत पोचतो का, हे प्रश्न मागे राहतात.

१५ फेब्रुवारी २०२४

वसतिगृहाच्या अधीक्षकांनी विचारले की घरातला प्लग चालू असताना ओढला तर फार तर ठिणगी पडते, मग याच जोडाची एवढी धास्ती का. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर येथे सविस्तर लिहून ठेवते.

घरातील वीज प्रत्यावर्ती असते. ५० हर्ट्झला तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो आणि त्या क्षणी ठिणगीला विझण्याची संधी मिळते. पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, तो शून्यावर येतच नाही. आपल्या पॅनेलचे उघड्या सर्किटचे व्होल्टेज सुमारे ४९.५ व्होल्ट आहे, म्हणजे सोळा पॅनेलांच्या स्ट्रिंगचे सुमारे ७९० व्होल्ट. भर उन्हात तिच्यातून १३ अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. असा जोड भार चालू असताना उघडला तर दोन टोकांमध्ये आर्क (हवेतून सतत वाहणारी ठिणगी) धरतो, टोके आणखी दूर गेली तरी तो काही काळ ताणत राहतो आणि त्याच्या उष्णतेने प्लॅस्टिक पेटू शकते. फ्यूज येथे मदतीला येत नाही, कारण पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह सुद्धा १४ अँपिअरच्या आतच असतो. आर्क चालू असताना आणि सर्व काही सुरळीत असताना वाहणाऱ्या प्रवाहात फ्यूजला ओळखता येईल असा फरकच नसतो.

अर्धवट बसलेल्या जोडाचा धोका याहून संथ असतो. चांगल्या जोडाचा रोध एक मिलिओहमच्या खाली असतो. तो अर्धा मिलिओहम धरला, तर १३ अँपिअरला तेथे एका वॅटच्या दहाव्या भागाहूनही कमी उष्णता तयार होते. तोच रोध गंज आणि ढिलाईमुळे ५० मिलिओहमवर गेला, तर आठ वॅटहून अधिक उष्णता बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत दिवसभर साठत राहते. तपकिरी डाग कशाचा, हे या हिशेबावरून अधीक्षकांना पटले.

२० फेब्रुवारी २०२४

सगळ्या जोडांची पाहणी पूर्ण झाली. पॅनेलांमधले प्रत्येक स्ट्रिंगमध्ये पंधरा आणि टोकांचे दोन असे एकूण ६८ जोड आहेत. बहुतेकांचे खटके व्यवस्थित बसलेले आहेत. जे सदोष निघाले त्यांची कारणे मात्र एका प्रकारची नाहीत.

काही जोडांत मेल भाग एका कंपनीचा आणि फीमेल भाग दुसऱ्या कंपनीचा आहे. पॅनेलबरोबर आलेल्या तारांना जागेवर तयार केलेल्या जोडतारा लावताना असे घडते. दोन्हींवर ‘सुसंगत’ असे छापलेले असते आणि खटक्याचा आवाजही येतो; परंतु बाहेरचा आकार जुळला म्हणजे आतल्या धातूचा मुलामा, स्प्रिंगचा दाब आणि सीलची जाडी जुळली असे होत नाही. सौर संचांच्या रचनेचे आयईसी ६२५४८ हे आंतरराष्ट्रीय मानक एकत्र जोडायचे दोन्ही भाग एकाच उत्पादकाचे आणि एकाच प्रकारचे असावेत असे सांगते, ते यासाठीच.

दुसरे कारण ताण. मुलींनी कपडे वाळत घालण्यासाठी पॅनेलच्या स्ट्रक्चरला दोऱ्या बांधल्या आहेत, आणि दोरी पुरली नाही तेथे काळ्या केबलवरच ओले टॉवेल टाकलेले दिसले. यात मुलींचा दोष नाही. गच्चीवर ऊन असलेली तेवढीच जागा त्यांना उरली आहे. शिवाय पॅनेल धुताना ओढला जाणारा पाइप खाली लोंबणाऱ्या केबलींना अडकतो. नायलॉनच्या पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेल्या केबली मोकळ्या झाल्या आहेत, कारण त्या पट्ट्या उन्हाने कडक होऊन बोट लावताच तुटतात.

तिसरे कारण माणसाचा हात. पहिल्या स्ट्रिंगमधील एका जोडावर आर्कने पडलेल्या काळ्या खुणा आहेत. पूर्वी कोणीतरी तो भार चालू असताना उघडला असावा, कारण आतल्या पिनेचे टोक वितळून गोल झाले आहे.

२ मार्च २०२४

इतर क्षेत्रांनी हाच प्रश्न कसा सोडवला आहे ते वाचण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या सार्थकी लागल्या.

सौर कनेक्टरांच्या आजच्या रूपामागे मोठा अनुभव आहे. १९९६ साली आलेल्या एमसी-थ्री या पिढीत खटकाच नव्हता, दोन भाग केवळ घर्षणाने एकत्र राहत. त्यानंतर आलेल्या एमसी-फोरमध्ये खटक्याच्या दोन पट्ट्या आल्या. त्या बोटांनी दाबून उघडता येत. मग अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने २००८ च्या आवृत्तीत असे ठरवले की ३० व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेजच्या सर्किटमधील, सहज हाताला लागणारे कनेक्टर अवजाराशिवाय उघडता येऊ नयेत. दोन दात्यांचा पाना आणि खटक्यावर चढवायची सुरक्षा क्लिप या नियमामुळे रूढ झाली. पण अवजाराची अट केवळ नकळत होणारे उघडणे रोखते. पाना हातात असलेल्या माणसाला जोडातून प्रवाह वाहतो आहे की नाही, हे ती अट सांगत नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी नेमका तो प्रश्न हाती घेतला आहे. टाइप-टू चार्जिंगमध्ये गाडीच्या सॉकेटमधील एक पिन प्लगला अडकवून धरते आणि चार्जिंग थांबल्यावरच मागे सरकते. गाडीच्या आतील उच्च व्होल्टेजच्या कनेक्टरांसाठी संयुक्त राष्ट्रांचे आर-१०० नियमन काही पर्याय देते. त्यांतला एक असा, की कनेक्टर वेगळा झाल्यापासून एका सेकंदाच्या आत उघड्या भागांवरील व्होल्टेज एकदिश विजेसाठी ६० व्होल्टवर किंवा त्याखाली आले पाहिजे. क्रम सांभाळण्यासाठी त्यांत एक छोटे सिग्नल सर्किट असते. मुख्य पिना सुटण्यापूर्वी ते तुटते आणि बॅटरीचा कॉन्टॅक्टर (मुख्य स्विच) उघडतो, म्हणजे वीज आधी जाते आणि जोड नंतर सुटतो.

हा क्रम मला गच्चीवर हवा आहे. सूर्य मात्र बंद करता येत नाही. प्रत्येक पॅनेलमागे व्होल्टेज उतरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा बसवण्याचा पर्याय आहे आणि काही देशांत इमारतींवर त्या प्रकारची व्यवस्था सक्तीची आहे. येथे तो विचार करून बाजूला ठेवला. खर्चाचा भाग आहेच, परंतु मुख्य कारण निराळे आहे. असा प्रत्येक डबा आणखी जोड घेऊन येतो, आणि जेथे आहेत ते ६८ जोडही सगळे नीट बसलेले नाहीत त्या गच्चीवर त्यांची संख्या जवळपास तिप्पट करणे मला योग्य वाटत नाही. व्होल्टेज राहील, प्रवाह मात्र उघडण्यापूर्वी शून्य असेल, एवढे उद्दिष्ट ठरवले आहे.

९ मार्च २०२४

सुरक्षा क्लिपचे नमुने आले. निवडलेल्या नमुन्याचा एक गुण मला विशेष मोलाचा वाटतो : खटक्याच्या पट्ट्या पूर्ण बाहेर आल्या नसतील तर क्लिप जागेवर बसतच नाही. चाकणच्या मोटार कारखान्यांत हार्नेस (तारांचे जुडगे) जोडताना वापरल्या जाणाऱ्या दुय्यम लॉकचे तत्त्व हेच आहे. मुख्य खटका बसल्यावरच ती सरकपट्टी पुढे जाते आणि एकदा गेली की खटका दाबता येत नाही. म्हणजे एकच वस्तू कुलूप लागल्याचा पुरावा देते आणि कुलपाचे रक्षणही करते. क्लिप गडद रंगाची न घेता ठळक रंगाची घेतली, म्हणजे खाली उभे राहून वर पाहिले तरी कोणत्या जोडावर ती नाही हे कळेल.

वायरमन काकांनी सुचवले, “मॅडम, जोडांवर काळी टेप गुंडाळून टाकू, म्हणजे कोणी हात लावणार नाही.” त्यांच्या सूचनेमागचा हेतू चांगला आहे, आणि अनेक गच्च्यांवर तसे केलेलेही असते. तरी ते करायचे नाही असे ठरले. टेपखाली पाणी साठते, जोडाची उष्णता अडते, गोंदाचा प्लॅस्टिकवर काय परिणाम होईल याची हमी उत्पादक देत नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे खटका बसला आहे की नाही हे डोळ्यांना दिसेनासे होते. वंगण किंवा गंजरोधक फवारा वापरायलाही मनाई केली आहे, कारण काही द्रावणांनी कनेक्टरच्या प्लॅस्टिकला तडे जातात.

१८ मार्च २०२४

केबलींचे काम सुरू झाले. खटक्याला केबलचे वजन कळताच कामा नये, हा नियम धरला आहे. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल पॅनेलच्या फ्रेमला स्टेनलेस स्टीलच्या क्लिपने धरली आहे, आणि ओढ आली तर ती क्लिपवर थांबेल इतकी केबल मधल्या भागात सैल ठेवली आहे. ग्लँडमधून (केबल कनेक्टरात शिरते तेथील आवळणारे टोक) बाहेर पडल्यावर निदान चार-पाच सेंटिमीटर केबल सरळ जाईल, लगेच वाकणार नाही, याकडे लक्ष दिले. तेथेच वाकली तर सील एका बाजूने दाबले जाऊन दुसऱ्या बाजूने उघडे पडते. जोड स्लॅबपासून वर उचलले आहेत, आणि केबलचा सर्वांत खालचा भाग जोडापासून दूर येईल अशी वळणे दिली आहेत, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून वाहत जोडात न शिरता खाली टपकेल.

कपडे वाळवण्यासाठी गच्चीच्या पूर्वेकडे लोखंडी खांब आणि दोऱ्या वसतिगृहाने लावून दिल्या. कनेक्टरच्या सुरक्षिततेसाठी झालेला हा खर्च मी या प्रकल्पाच्या खात्यात धरला आहे आणि तो तेथेच असला पाहिजे.

६ एप्रिल २०२४

आजची नोंद पान्याविषयी. गच्चीवर पाना कोठे ठेवावा हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तिसऱ्या कारणाचे उत्तर त्यातच आहे. आजवर तो पॅनेलच्या रेलला दोरीने बांधलेला होता. सोय उत्तम, परंतु त्यामुळे माणूस आयसोलेटरजवळ न जाता थेट जोडापाशी पोचत होता.

जिन्यातल्या डीसी (एकदिश विजेच्या) पेटीच्या दारावर चार स्ट्रिंगचे चार आयसोलेटर आहेत. स्थानिक फॅब्रिकेटरकडून त्यांच्यासमोर आडवी सरकणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी करून घेतली आहे. तिच्या खाचा अशा कापल्या आहेत की चारही मुठी ‘बंद’ स्थितीत असल्या तरच पट्टी सरकते, आणि सरकल्यावर मुठी परत ‘चालू’कडे फिरवता येत नाहीत. पाना पट्टीच्या मागे टांगलेला असतो आणि ती सरकवल्याशिवाय निघत नाही. सरकलेल्या पट्टीला टाळे घालायची सोय केली आहे. टाळ्याची किल्ली गच्चीवर काम करणाऱ्याच्या खिशात राहील. आधार भिंतीला दिला आहे, पेटीला भोक पाडलेले नाही, कारण पेटीत पाणी न शिरण्याची हमी त्या भोकाने संपली असती.

हे साधन जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला अडवणार नाही, कारण पाना बाजारात सहज मिळतो. घाईत, विसरून किंवा गैरसमजाने होणाऱ्या उघडण्यासाठी ते आहे.

तथापि आयसोलेटर बंद म्हणजे प्रवाह शून्य असे गृहीत धरता येत नाही. स्ट्रिंगमध्ये दोन ठिकाणी केबलचे इन्सुलेशन खरवडून धातूच्या स्ट्रक्चरला लागले असेल, तर स्ट्रक्चरमधून वर्तुळ पूर्ण होते आणि खाली सर्व बंद असताना वर प्रवाह वाहत राहतो. म्हणून प्रत्येक जोड उघडण्यापूर्वी क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून प्रवाह मोजणारे साधन) लावून प्रवाह पाहायचा. मीटर एकदिश प्रवाह मोजणारा हवा. वायरमनच्या पेटीत बहुधा केवळ प्रत्यावर्ती प्रवाहाचा क्लॅम्प असतो आणि तो येथे बिनदिक्कत शून्य दाखवतो. हे वाक्य पेटीच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावले आहे. उघडलेल्या टोकांवर लगेच टोपी बसवायची, कारण पाण्यापासूनचे संरक्षण फक्त जोडलेल्या अवस्थेतच असते, आणि उन्हात त्या टोकांवर व्होल्टेज कायम असते.

२७ एप्रिल २०२४

सुट्टी लागल्यामुळे मिश्र, म्हणजे दोन कंपन्यांचे भाग असलेले, जोड बदलायला घेतले. पहिल्या तीन स्ट्रिंगचे झाले. क्रिम्पिंग (तारेवर धातूची पिन दाबून बसवणे) त्याच उत्पादकाच्या साधनाने केले, ग्लँडची नट टॉर्क पान्याने आवळली, जोडल्यावर प्रत्येक जोड ओढून पाहिला आणि क्लिप बसवली.

११ मे २०२४

वायरमन काका, शिपाईमामा आणि पॅनेल धुणाऱ्या दोन ताई यांच्यासाठी गच्चीवर प्रात्यक्षिक ठेवले. सुट्या कनेक्टरांवर प्रत्येकाला खटका बसवायला आणि अर्धवट बसलेला जोड ओळखायला लावले. डोळे मिटून केवळ आवाजावर विसंबले तर मिश्र जोड आणि योग्य जोड यांत फरक कळत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले. शिपाईमामांनी विचारले, “जोडातून धूर येताना दिसला तर तो उपटायचा का?” हा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता आणि तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. उत्तर असे दिले की वरच्या जोडाला मुळीच हात लावायचा नाही. खाली येऊन आधी इन्व्हर्टर थांबवायचा, मग चारही आयसोलेटर बंद करायचे, मुलींना गच्चीपासून दूर ठेवायचे आणि फोन करायचा. जळत्या जोडावर पाणी मारायचे नाही. हा क्रमही दारावरच्या फलकात जोडला. धुणाऱ्या ताईंनी पाइप मधल्या वाटेने न आणता दक्षिणेच्या कठड्यावरून घ्यावा असे सुचवले. तसे हूक लावून दिले.

२२ जून २०२४

जोराचा पाऊस थांबल्यावर ओल्या अवस्थेत मेगर घेतला, म्हणजे केबलींच्या इन्सुलेशनचा रोध मोजला. स्ट्रिंगचे व्होल्टेज ५०० पेक्षा जास्त असल्यामुळे आयईसी ६२४४६-१ प्रमाणे चाचणी १००० व्होल्टला करायची आणि किमान एक मेगओहम मिळायला हवा. पहिल्या तीन स्ट्रिंग मर्यादेच्या बऱ्याच वर आहेत. चौथी मर्यादेत आहे, पण इतरांहून खूपच खाली. मिश्र जोड आता तिच्यातच उरले आहेत, आणि ही तुलना मला पुरेशी बोलकी वाटते. सकाळचा इन्सुलेशनचा दोष पावसाळा सुरू झाल्यापासून दिसलेला नाही.

१७ ऑगस्ट २०२४

वानरांचा कळप गच्चीवर येऊन गेला. दुसऱ्या स्ट्रिंगची एक केबल त्यांनी फ्रेमच्या क्लिपमधून ओढून काढली आहे. जोड मात्र बंद आहे आणि त्याची सुरक्षा क्लिप जागेवर आहे, कारण दुसऱ्या बाजूच्या आधाराने ओढ स्वतःकडे घेतली. तरीही तो जोड आयसोलेटर बंद करून उघडला आणि आत तपासला. पिन स्वच्छ आहे, सील कोरडे आहे. पॅनेलांच्या कडेच्या रांगेत, जेथे वानरे बसतात, तेथे केबली उघड्या क्लिपऐवजी झाकणाच्या ट्रेमध्ये घ्याव्या लागतील. ट्रेला खालून भोके हवीत, नाहीतर जोड पुन्हा पाण्यात राहतील.

५ ऑक्टोबर २०२४

दुपारी बारा ते एक या वेळेत, ऊन स्थिर असताना, थर्मल कॅमेऱ्याने सगळे जोड पाहिले. एका जोडाचे तापमान एकटे पाहून काही कळत नाही. त्याच स्ट्रिंगमधील शेजारच्या जोडांशी तुलना करावी लागते, कारण त्या सर्वांतून एकच प्रवाह जातो. पहिल्या तीन स्ट्रिंगमध्ये कोणताही जोड शेजाऱ्यांहून वेगळा दिसला नाही. चौथ्या स्ट्रिंगमध्ये पॅनेल क्रमांक पाच व सहा यांमधील मिश्र जोड स्पष्टपणे अधिक तापलेला आहे. ती स्ट्रिंग आजपासून बंद ठेवली असून तिच्या आयसोलेटरला स्वतंत्र टाळे घातले आहे. एकाच उत्पादकाचे कनेक्टर मागवले आहेत. ते आले की दिवाळीच्या सुट्टीत तिचे मिश्र जोड बदलायचे, कडेच्या रांगेचा ट्रे त्याच वेळी बसवायचा, आणि पुन्हा मेगर घेतल्यावरच टाळे काढायचे; किल्लीची नोंद अधीक्षकांच्या वहीत केली आहे.